सकाळची शिल्लक

माणूस दमला आहे की नाही हे त्याच्या तोंडावरून ओळखायचे दिवस एका सोमवारी हिरण्य कास्टिंग्जच्या फाटकाशी संपले. कागलजवळच्या औद्योगिक वसाहतीतला हा लोखंड ओतण्याचा कारखाना. त्या सोमवारी प्रत्येकाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला नखाएवढी पारदर्शक पट्टी चिकटवली गेली. हात धुऊन तो फाटकातल्या खांबासमोर धरला, की खांबावर शून्य ते शंभरमधला एक आकडा उमटायचा. कंपनीच्या कागदांत त्याचं नाव ‘पुनर्बल निर्देशांक’ होतं. कामगार त्याला ‘शिल्लक’ म्हणायला लागले आणि थोड्याच दिवसांत मॅनेजरही तेच म्हणायला लागले.

पट्टीमागचं शास्त्र फार अवघड नाही. आपल्या स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका नावाच्या बारीक भट्ट्या असतात. खाल्लेल्या अन्नातून शक्ती काढायचं काम त्यांचं. त्यांच्यावर ताण पडला की त्या एका प्रकारचे रेणू बाहेर टाकतात, विश्रांती मिळाली की दुसऱ्या प्रकारचे. हे रेणू रक्तात उतरतात आणि त्यांचा अगदी पुसट अंश घामात येतो. दोन्हींचं एकमेकांशी प्रमाण काय, यावरून शरीरात खर्च करण्याजोगी शक्ती किती उरली आहे ते कळतं. आधीची मनगटी यंत्रं नाडी मोजायची, पावलं मोजायची. म्हणजे झालेला खर्च मोजायची. ही पट्टी थेट तिजोरीत डोकावत होती. अडचण एकच. भट्टीजवळच्या धुळीत आणि घामाच्या धारांत तिला नीट वाचता येत नसे. म्हणून वाचन सकाळी, कामाला हात लावण्याआधी. कामाच्या वेळेबाहेर आपापल्या मोबाइलवर कुणीही आपला आकडा बघावा, पण तो खाजगी. कंपनीनं विचारायचा नाही, असा कायदा होता.

शोध वाईट नव्हता, हे आधी जमेच्या बाजूला मांडून टाकू. पूर्वी मोठ्या आजारातून उठलेला माणूस कामावर आला की त्याच्यापुढे दोनच वाटा असायच्या: पहिल्या दिवसापासून पूर्ण काम, नाहीतर ‘घरी आराम करा, आम्ही कळवतो.’ कळवत कुणी नसे. आता परतलेल्याला त्याच्या शिलकीला झेपेल तेवढंच काम द्यायचं असा नियम झाला होता. कंपनीनं पुढचं पाऊल टाकलं. परतलेल्यालाच कशाला, सगळ्यांनाच पट्टी लावा. ज्याची शिल्लक जास्त त्याला जड काम, ज्याची कमी त्याला हलकं. वाटणी संगणक करणार. वशिला नाही, मर्जी नाही. अपघात कमी झाले. पाठ धरल्याच्या रजा कमी झाल्या.

आता नावे बाजू. शिल्लक जास्त तर काम जड, हे समजल्यावर साचे भरणाऱ्या खात्यातली तालमीत वाढलेली पोरं पहाटे आखाड्यात पोटभर जोर-बैठका मारून, रिकामी होऊन फाटकाशी यायला लागली. छाती दारात न मावणाऱ्या पैलवानाच्या नावापुढे दम्याच्या म्हाताऱ्याचा आकडा. सुपरवायझर दिंडे साहेबांनी शेवटी त्याच खांबाला नोटीस लावली: ‘कामावर येण्यापूर्वी अनावश्यक व्यायाम करू नये.’ तब्येती सुधारायला आणलेल्या यंत्राखाली व्यायामबंदी.

घरोघरी नवरे संध्याकाळी मनगट पुढं करायला लागले. “बघ, किती उरलीय. पाणी तूच भर.” बायकांच्या मनगटाला पट्टी नव्हती, त्यामुळे त्यांची शिल्लक कायम भरपूर आहे असं धरलं जाई.

अर्थात याला अपवाद होता तो क्रेनवरच्या चौघींचा.

हिरण्यच्या लांबलचक शेडमध्ये छताखालच्या रुळांवर चार क्रेन सरकायच्या, त्यांतली भंगाराच्या टोकाची छोटी जरा खालच्या रुळांवर. प्रत्येकीला एक काचेची केबिन आणि चारही केबिनमध्ये बायका. कंपनीनं मुद्दाम बायका घेतल्या होत्या. बायकांचा हात हलका असतो, हे सांगायचं कारण. आधीचे पुरुष वर बसून मोबाइलवर कुस्त्या बघायचे, हे खरं.

चौघींत रसाची फेरी स्वप्नाली चौगुलेची. रस म्हणजे वितळलेलं लोखंड. भट्टीतून ते लॅडलमध्ये, म्हणजे माणूस बुडेल एवढ्या बादलीत घ्यायचं आणि शेडच्या दुसऱ्या टोकाच्या साच्यांपर्यंत थेंब न सांडता न्यायचं. लॅडल हलली की भोंगा वाजतो, खालचे बाजूला होतात आणि सगळ्यांच्या माना वर होतात. मीठ संपल्याशिवाय घरात जिच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही, तिला हे किती गोड लागत असेल याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

पावसाळा संपता संपता स्वप्नालीला ताप आला. ताप उतरला, पण जाताना हृदयाच्या स्नायूला सूज देऊन गेला. ती सहा महिने घरी होती. परत आली तेव्हा कंपनीच्या डॉक्टर मृणाल केतकर यांनी तिला समोर बसवून नियम सांगितला.

“तीन आठवडे चाचणी. रोज सकाळी शिल्लक किमान साठ हवी. राहिली, तर क्रेन कायमची तुमची, रसासकट. एकदा जरी खाली गेली तर तुम्हाला पॅकिंगला घेतील.”

“पॅकिंगला बसून काम असतंय न्हवं?”

“हो. खुर्ची आहे, पंखा आहे. चांगलं काम आहे ते.”

“मग ते तुम्हीच घ्या मॅडम,” स्वप्नाली उठत म्हणाली. “मी वर जातो.”

कोल्हापूरकडच्या बाया ‘मी जातो, मी येतो’ असंच बोलतात. डॉक्टर ठाण्याच्या, पहिलं वर्षभर त्या हे ऐकून मागं वळून कोण पुरुष बोलतोय ते बघायच्या. आता बघत नसत.

पहिला आठवडा स्वप्नालीनं साठच्या काठाकाठानं काढला. शनिवारी सकाळी खांबावर आकडा उमटला तो बरोबर साठ. मागं यास्मिन मुजावर उभी होती. दुसऱ्या नंबरच्या क्रेनवरची, शिवाय कामगारांच्या चाळीत स्वप्नालीच्या समोरच्या दारात राहणारी.

“साठ? काय केलंस गं काल?”

“गोधड्या धुतल्या.”

“किती?”

“दोनच.”

“येडी हायस काय? गोधडीपायी रस घालवतीस व्हय? सासू काय करती?”

“गुडघं धरून बसती.”

“आणि रणजित?”

“तो मला गोधड्या वाळत घालताना बघत हुता,” स्वप्नाली म्हणाली आणि दोघी हसल्या.

रणजित, म्हणजे नवरा, वाईट माणूस नव्हता. नाक्यावर त्याचं गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. बायकोच्या आजारात त्यानं दवाखान्याच्या बाकावर रात्री काढल्या होत्या. पण दवाखाना संपला की त्याच्या दृष्टीनं आजार संपला. त्या शनिवारी संध्याकाळी स्वप्नालीच्या मोबाइलवर पट्टीचा सल्ला आला: ‘घरातील दगदग कमी करावी.’ रणजितनं तो मोठ्यानं वाचला, घरभर नजर फिरवली आणि मनापासून विचारलं, “आपल्यात कुठं हाय दगदग?”

यास्मिननं रविवारी बाकीच्या दोघींना गाठलं. चारही क्रेनवाल्या एकाच चाळीत राहायच्या. वयानं मोठ्या शोभाअक्का पोवार आणि सगळ्यात तरुण दीपाली. चौघींची माहेरं राधानगरी-भुदरगडाकडची. शेत सुटलं होतं, शेतातली खोड सुटली नव्हती. तिकडं सावड असते. आज चौघी मिळून तुझ्या रानात खुरपायला, उद्या माझ्या रानात. मजुरी नाही, मोजदाद नाही. फक्त जिच्याकडून हात घेतला तिला हात परत द्यायचा. नाही दिला तर गावात पाणवठ्यावर कुणी तिच्या घागरीला घागर लावत नाही.

सोमवारी दिवस उगवायच्या आत तिघी स्वप्नालीच्या दारात. शोभाअक्कांनी भांडी ओढली, दीपालीनं धुणं, यास्मिननं परात.

“अहो अक्का, असं बरं दिसतं काय?” रणजित दाताला ब्रश लावलेला तसाच बाहेर आला. “लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, रणजितला भांडी घासता येत न्हाईत,” शोभाअक्का म्हणाल्या. “खोटं हाय काय त्यात?”

सासूबाईंनी गुडघ्यांना दोन आठवड्यांची सुट्टी मिळाल्यासारखे निश्चिंतपणे पाय पसरले. स्वप्नाली उठू लागली की चारी बाजूंनी “बस, बस” होई. मुलगी म्हणायची, “आई, तू पड.” पाण्याचा तांब्या हातात यायचा. आपल्याच घरात पाहुणी होण्याची ही सोय तिला पहिले दोन दिवस फार आवडली.

आणि आकडा चढला. मंगळवारी सत्तरच्या पुढं, गुरुवारी ऐंशी. शेडमध्ये इतकी शिल्लक कुणाचीच नव्हती. खांबापाशी शोभाअक्कांनी तो आकडा असा बघितला की जणू पोरीचा बोर्डाचा निकाल. स्वतःचा आकडा त्यांनी बघितला नाही. दोन घरची भांडी घासून आलेल्या बाईचा आकडा काय असायचा? तिघींचेही तिशी-चाळिशीत घुटमळत होते.

यंत्राला सावड माहीत नव्हती. त्याला चार केबिन दिसत होत्या आणि चार आकडे. तीन लहान, एक मोठा. नियमाप्रमाणे त्यानं तिघींच्या वाट्याचं जड काम अलगद उचललं आणि मोठ्या आकड्यावर ठेवलं. आधी रसाच्या सगळ्या फेऱ्या. मग ओतून गार झालेले मोठे साचे. मग जे कुणाला नको ते. शोभाअक्का भंगाराचे हलके गठ्ठे उचलून, मधल्या वेळात जांभया देत बसायला लागल्या. दीपालीच्या क्रेनला तर तास-तास हुकूमच येत नसे. ती वर बसून नखं कुरतडायची. आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भोंगा एकीचाच वाजत होता.

“चौगुलेबाई, फॉर्मात आहात!” दिंडे साहेब खालून ओरडायचे.

स्वप्नाली हात हलवायची. आधी खुशीनं, दुसरा आठवडा सरताना नुसताच हात. कामाचा वेळ संपला की लोखंडी शिडी उतरताना ती दोन्ही हातांनी कठडा धरायला लागली. घरी जाऊन आडवी व्हायची ती सकाळपर्यंत. मुलगी शाळेतलं काही सांगायला लागली की मधेच डोळे मिटायचे. संध्याकाळी मोबाइल समोर धरला तर शिल्लक दिसली असती. तिनं एकदा बघितली, मोबाइल उपडा ठेवला आणि पुन्हा बघितली नाही. सकाळी ऐंशी दिसत होते. सकाळचंच कंपनी विचारत होती.

“बरं वाटतंय न्हवं तुला?” एकदा रणजितनं विचारलं.

“ऐंशी हाय,” ती म्हणाली. त्यानं मान डोलावली. दोघांनाही हे उत्तर पुरेसं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. चाचणीचे दोन दिवस उरलेले. जेवणानंतरची दुसरी रसाची फेरी. लॅडल भरली, भोंगा वाजला, माना वर झाल्या. शेडच्या मध्यावर आल्यावर स्वप्नालीच्या अंगातलं त्राण गेलं. घाम थंड झाला. काचेच्या कडा काळ्या पडत चालल्या आणि खाली, लाल रसाच्या पलीकडं, दोन साचेवाले पोरगे हसत काहीतरी बोलत उभे होते ते तिला लांबून, नळीतून बघावं तसे दिसले.

केबिनमधल्या पडद्यावर चौघींचे सकाळचे आकडे कायम असतात. तिची नजर तिथं गेली. तिचा चौऱ्याऐंशी. शोभाअक्का सदतीस. दीपाली एकेचाळीस. यास्मिन तेहतीस. समोरच्या केबिनमध्ये यास्मिन हनुवटीला हात लावून रिकामी बसली होती. पहाटे स्वप्नालीच्या घरात भाकरी थापून गेलेला हात.

सगळं गणित तिच्यापुढं एकदम उघडं पडलं.

साचे अजून लांब होते. न्यायला दोन मिनिटं पुरली असती. गेले दोन आठवडे तिनं ती दोन मिनिटं प्रत्येक वेळी कुठून तरी काढलीच होती. शिवाय आत्ता थांबलं तर ‘का थांबली’ हा प्रश्न येणार, आणि चाचणीत तो एक प्रश्न पुरे होता. खालचा एक पोरगा हसता हसता मागं न बघता एक पाऊल लॅडलच्या वाटेत आला.

स्वप्नालीनं क्रेनचा दांडा मागं घेतला. मधेच जमिनीवर लॅडल टेकवायची लोखंडी बैठक होती. तिनं रस त्या बैठकीवर उतरवला. इतका सावकाश, की वर नुसती साय हलली. मग तिनं लाल बटण दाबलं.

“चौगुलेबाई!” दिंडे धावत आले. “का ठेवली? गार होईल रस!”

“यास्मिनला सांगा न्यायला,” ती माइकमध्ये म्हणाली. “माझ्यानं होत न्हाई.”

यास्मिननं रस नेला. स्वप्नालीला दोघांनी धरून शिडीवरून उतरवलं.

डॉक्टरांच्या खोलीत दिंडे साहेब खुर्ची पकडून बसले होते. “मॅडम, चौऱ्याऐंशी आहे त्यांची. शेडमध्ये टॉप. जेवणात काहीतरी आलं असेल. दोनच दिवस राहिलेत. उद्या-परवा सकाळी हात धरतील, साठच्या वर येईल, विषय संपला. मलाही अहवाल लिहिण्यात काही रस नाही.”

डॉक्टर स्वप्नालीकडे बघत होत्या. “घरी काय काय करता तुम्ही?”

“काही न्हाई.”

“म्हणजे?”

“काहीच करू देत न्हाईत.” आणि मग तिनं सावडीचं सांगितलं. भांडी, धुणं, परात. सांगताना तक्रार केल्यासारखं होऊ नये याची काळजी घेत.

डॉक्टर हसल्या नाहीत, पण त्यांना हसू आवरावं लागलं. मग त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीवर बोट ठेवलं. “ही टाकी समजा. सकाळी भरलेली दिसते, कारण रात्रभर आणि घरीही तुम्ही नळ बंद ठेवलाय. पट्टी खरंच सांगते, भरली आहे. पण तुमच्या हृदयाची सूज पूर्ण गेलेली नाही. तेवढ्याच कामाला स्नायूंना प्राणवायू कमी पोचतो आणि टाकी दुसऱ्यांपेक्षा दुप्पट वेगानं उतरते. सकाळी किती आहे एवढंच आपण बघतो. किती भरभर उतरते ते बघतच नाही.”

“मग बघा की,” दिंडे म्हणाले.

“सकाळनंतरचा आकडा खाजगी आहे. यांनी स्वतः दिला तरच कागदावर घेता येतो.” त्या स्वप्नालीकडे वळल्या. “नीट ऐका. नाही दिलात, तर शनिवारी चाचणी पास. रस कायमचा तुमचा. आणि हे असं रोज. दिलात, तर मी उतरण्याचा वेग लिहीन. क्रेन राहील, साठची अटही सुटेल, पण भंगाराच्या बाजूची छोटी, मोजकी उचल. रस नाही.”

“कधीच न्हाई?”

“वर्षानं बघू. नाहीसुद्धा.”

बाहेर भोंगा वाजला. यास्मिन दुसरी फेरी नेत असणार. स्वप्नालीनं तो लांब जाईपर्यंत कान दिला.

“त्या तिघींची नावं येतील काय कागदावर?”

“कुणाच्या घरी कुणी भांडी घासली हा कंपनीचा विषय नाही.” डॉक्टरांनी दिंड्यांकडे बघितलं.

स्वप्नालीनं कोपऱ्यातल्या नळाखाली हात धुतला, पुसला आणि मनगट डॉक्टरांच्या टेबलावरच्या वाचन-यंत्रासमोर धरलं. आकडा उमटला: नऊ. सकाळचे चौऱ्याऐंशी, दुपारी नऊ.

दिंडे साहेबांनी तो आकडा दोनदा वाचला. मग उठले आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. तिची स्वतःची खुर्ची तिच्या मागंच होती हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

बातमी स्वप्नालीच्या आधी हात धुवायच्या नळांपाशी पोचली होती.

“रस सोडलास?” दीपाली म्हणाली. “दोन दिवस राहिलं हुतं की गं!”

“तीन आठवडं भांडी घासली आम्ही,” शोभाअक्का नळ बंद करत म्हणाल्या. “मातेरं केलंस.”

“दोनच आठवडं, अक्का.”

“मोजतीस व्हय आता?”

“मोजत न्हाई. सांगतो.” स्वप्नाली भिंतीला टेकली. “तुम्ही माझ्या घरात राबलासा. तुमच्या शिलका खाली, माझी वर. मशीननं बघितलं, ह्या तिघी मेल्यात, ही एकटी जिवंत हाय. सगळं काढून माझ्या गळ्यात घातलं. तुम्ही वर बसून जांभया देत हुतासा, ते काय फुकट हुतं?”

शोभाअक्कांनी त्या दिवसांतल्या आपल्या जांभया मनातल्या मनात आठवल्या असाव्यात. त्यांचा हात आपोआप तोंडाकडे गेला.

“मग आधी बोलायचंस,” दीपाली पुटपुटली.

“आधी कळलं असतं तर बोललो नसतो काय? मला वाटलं, मीच कमी पडतो. एवढं सगळं मिळून बी दमतो म्हणजे माझ्यातच खोट हाय.” ती थांबली. “उद्यापासनं माझ्या दारात भांड्याला कुणी यायचं न्हाई.”

यास्मिननं पदरानं हात पुसले. “सावड घेतलीस,” ती म्हणाली, “आणि फेडायच्या आधीच मोडलीस. चांगलं केलंस.” आणि ती निघून गेली.

पुढचे आठ-दहा दिवस विशेष काही घडलं नाही, म्हणजे बरंच घडलं. स्वप्नाली भंगाराच्या टोकाला छोट्या क्रेनवर बसायला लागली. तिथं भोंगा नाही, कुणी मान वर करत नाही. रसाच्या फेऱ्या यास्मिन आणि दीपालीत वाटल्या गेल्या. यास्मिनची केबिन तिच्यावरून सरकत जायची, तेव्हा यास्मिन सरळ समोर बघायची. चाळीत समोरासमोरची दोन दारं आपापल्या वेळा सांभाळून उघडायला लागली.

घरी रणजितपुढं भांडी आली. त्यानं पहिल्या दिवशी कढई घासल्यावर तिच्यात तोंड दिसतं का ते बघितलं, दिसलं नाही, तरी ठेवून दिली. “मी दिवसभर दुकानात उभा असतो,” तो म्हणाला.

“मग तुला बी पट्टी लावू काय?” स्वप्नालीनं विचारलं. “आकडा बघून ठरवू.”

रणजितनं थोडा विचार केला आणि कढई परत नळाखाली घेतली. आकडा कुणाच्या बाजूनं पडेल याची त्याला खात्री नव्हती. सासूबाई बसल्या बसल्या भाजी चिरून देऊ लागल्या. गुडघ्यांचा हातांशी संबंध नसतो हे त्यांना नव्यानं समजलं होतं. स्वप्नाली कपडे धुवायची, स्वयंपाक करायची, मुलीचं शाळेतलं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकायची आणि मग झोपायची. सकाळी फाटकातल्या खांबावर पन्नाशीतला कुठला तरी आकडा उमटायचा. तेवढ्यात छोट्या क्रेनचं काम व्हायचं आणि संध्याकाळी शिडी उतरताना तिचा एक हात मोकळा असायचा.

रविवारी यास्मिनच्या घरी तिच्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता. सकाळपासून स्टोव्हचा आवाज आणि पाहुण्यांच्या चपला. स्वप्नालीनं आपला पोळपाट काखेत मारला, लाटणं पदराला खोचलं आणि समोरचं दार ओलांडलं.

स्वयंपाकघरात चार बायका होत्या. मधे यास्मिन, पुढ्यात डोंगराएवढं पीठ. तिनं वर बघितलं. पोळपाटाकडे बघितलं. कोथिंबिरीची जुडी उचलून पुढं केली.

“ही निवड. तिकडं बस खुर्चीवर.”

स्वप्नालीनं जुडी यास्मिनच्या नणंदेच्या पुढ्यात ठेवली, जमिनीवर बसकण मारली आणि पिठाची परात दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढली.

“सोड ती. दमशील.”

“व्हय,” स्वप्नाली बाह्या सारत म्हणाली. “दमायलाच आलोय मी.”

यास्मिन तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं पाण्याचा तांब्या परातीशी सरकवला.

“मग घट्ट मळ जरा,” ती म्हणाली. “तुझी कणीक नेहमी सैल पडती.”